महाबळेश्वर पाचव्यांदा, आणि मुलगा म्हणतो ‘परत तेच?’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही सिंहगड रोडला राहता. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, ६८ वर्षांच्या सासूबाई (गुडघे कुरकुरतात), १३ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी. दिवाळीनंतर तीन दिवस मोकळे आहेत. सासूबाईंना महाबळेश्वरच हवंय, कारण तिथं देव आहे, थंडी आहे आणि गाडी दारापर्यंत जाते. मुलगा म्हणतो, ‘परत तेच पॉइंट?’ चार वेळा जाऊन झालंय आणि नेटवरच्या याद्या सगळ्या एकसारख्या. म्हणून तुम्ही विचारलंय की फारशी कुणाला माहीत नसलेली पाच-सहा ठिकाणं सांगा.

नावं खाली येतीलच. पण गेली २२ वर्षं मी पुण्यातून दहा-बारा जणांचे छोटे गट घेऊन फिरतोय, त्या अनुभवावरून एक सांगतो. नुसती सहा नवी नावं दिली तर तुमचा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच म्हणणार. एका दरीऐवजी दुसरी दरी, एका देवळाऐवजी दुसरं देऊळ, आणि तो गाडीत बसून मोबाइल बघणार. कंटाळा पॉइंट संपल्याचा नसतो. चारही वेळा तुम्ही पसरणी घाटानं चढलात, त्याच घाटानं उतरलात, शनिवार-रविवार गाठलात आणि स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याच्या दरपत्रकावर जे छापलंय ते त्याच क्रमानं बघितलंत. बरोबर ना? मला तुमच्याबद्दल काही ठाऊक नाही, पण शंभरातली नव्वद घरं असंच करतात, मीही सुरुवातीची काही वर्षं लोकांना असंच फिरवलंय.

आता कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगून टाकतो. सासूबाईंना किती पायऱ्या झेपतात, यावर निम्मी आखणी ठरेल. मी खाली जे सांगतोय त्यात दोन ठिकाणी त्या वरच थांबतील आणि एका ठिकाणी हात धरून सावकाश चालता येईल. गाडी तुमची स्वतःची आहे असं धरलंय. एसटीनं जाणार असाल तर येतानाचा रस्ता जमणार नाही, कारण वाटेत दोन-तीनदा आत वळायचंय. आणि हे सगळं नोव्हेंबरचं आहे. हेच तुम्ही जुलैत विचारलं असतं तर यातलं निम्मं मी सांगितलं नसतं, घाटात धुकं आणि दरडी असतात.

‘कुणालाच माहीत नसलेलं’ या शब्दांवर माझा जरा राग आहे, तो आधी काढून घेतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या पलीकडे एक धबधबा कुणीतरी फोटोत टाकला होता. ‘गुप्त ठिकाण’ म्हणून. मी अकरा जणांना घेऊन गेलो. गाडी लावायला जागा नाही, वाट म्हणजे एका शेतकऱ्याच्या भातखाचराचा बांध, आणि बांध आधीच तुडवून चिखल झालेला. शेतकरी हाताची घडी घालून उभा. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाला, “साहेब, परवा शनिवारी चाळीस जण येऊन गेले. तुम्ही आता किती?” आम्ही तिथूनच परत फिरलो. गाडीत कुणी बोललं नाही.

जिथं कुणी जात नाही तिथं बऱ्याचदा न जाण्याचं कारण असतं: वाट खासगी असते, पाण्याचा अंदाज नसतो, फोनला रेंज नसते, मदत लांब असते. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले ते आठवत असेल. वरून लोंढा कधी येईल हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. म्हणून लहान मुलं आणि वयस्कर माणूस बरोबर असताना मी ‘गुप्त’ जागांच्या मागे लागत नाही. रस्त्याला लागून असलेल्या, गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातल्या, पण पर्यटकांच्या यादीत न बसणाऱ्या जागा शोधतो. त्या भरपूर असतात.

शोधायच्या कशा? मी प्रत्येक ओळखीच्या गावाला एकच प्रश्न विचारतो: पर्यटक यायच्या आधी हे गाव काय करत होतं?

लोणावळ्याचं बघा. आपल्यासाठी ते भजी, चिक्की आणि भुशी धरण. पण त्याच्या आधी दोन हजार वर्षं तिथं एक वाट होती, बोरघाटाची. कोकणातल्या बंदरांवरून माल घाटावर चढायचा तो या पट्ट्यातून. एवढं एक ध्यानात घेतलं की सगळं आपोआप रांगेत उभं राहतं. व्यापाऱ्यांची वाट, म्हणून कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी. वाटेवर नजर हवी, म्हणून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. पुढे इंग्रजांना तोच घाट हवा, म्हणून १८३० च्या सुमाराचा तो जुना पूल, ज्याला आपण अमृतांजन पूल म्हणायचो आणि जो २०२० मध्ये पाडला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे. म्हणजे लोणावळ्याला जाऊन तुम्ही ‘घाट’ ही एकच गोष्ट दोन दिवस बघू शकता. आणि मग कार्ल्याच्या रांगेत तास घालवण्याऐवजी कामशेतकडून आत बेडशाला जावंसं वाटतं. तिथं सुमारे चारशे पायऱ्या आहेत (सासूबाईंना नको), पण वर चैत्याच्या दारातले ते उंच खांब, त्यांच्या माथ्यावर प्राण्यांवर बसलेली जोडपी, आणि शेजारी मागच्या बाजूला गोलाकार असलेला विहार, म्हणजे भिक्षूंची राहायची जागा. असा विहार सहसा दिसत नाही. साध्या वारी गेलात तर वर फारशी गर्दी नसते.

गणपतीपुळ्याचंही तसंच, फक्त पटकन सांगतो. देवळापासून दोनेक किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं स्मारक आहे तिथं, अर्धा तास पुरतो. आणि रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, कातळशिल्पं: उक्षीला जमिनीत कोरलेला हत्ती बघायला कठडा बांधलाय, कशेळीचा हत्ती तर इतका मोठा की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हेच कळत नाही. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. समुद्रावर तीन वेळा जाऊन आलेल्या मुलाला सड्यावर नेऊन ‘यात प्राणी शोध’ म्हणा. माझ्या गटातल्या एका नववीतल्या पोरीनं मला न दिसलेला मासा दाखवला होता.

आता महाबळेश्वर. पर्यटक यायच्या आधी ते काय होतं? पाण्याचं उगमस्थान. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे आपण जुनं महाबळेश्वर म्हणतो ते, लोक कृष्णेच्या उगमासाठी जायचे. इंग्रजांचं गाव फार नंतरचं. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली आणि बदल्यात खंडाळा गाव घेतलं. हे खंडाळा लोणावळ्याशेजारचं नव्हे. तुम्ही साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या अलीकडे लागतं ते. जाताना मुलाला गाडीतूनच दाखवा. ‘या गावाच्या बदल्यात महाबळेश्वर गेलं’ म्हटलं की मान वर होते.

तर तुमच्या सहलीचा धागा नदी. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच धारा दाखवतात, पुढे एकत्र होऊन गोमुखातून पडतात. भागीरथी बारा वर्षांतून एकदा आणि सरस्वती साठ वर्षांतून एकदा प्रकटते अशी श्रद्धा आहे, सासूबाईंना हे माहीत असणारच. भूगोलात अर्थातच या नद्या एका गोमुखातून निघत नाहीत. महाबळेश्वरचं पठार हा पाणलोटाचा माथा आहे. पाऊस वर पडतो आणि ज्या बाजूला उतार त्या बाजूला जातो. सावित्री पश्चिमेला उडी मारून महाडवरून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्रात. कृष्णा मात्र त्या समुद्रापासून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर जन्मून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना आधी दक्षिणेला जाते, मग वळून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. आणि वेण्णा?

हा प्रश्न मुलाला घालायचा. ‘वेण्णा आणि कृष्णा एकाच डोंगरावरून निघतात. परत कुठं भेटतात ते तिसऱ्या दिवशी बघू.’ नकाशा बघायचा नाही ही अट. खोटं कशाला, तो बघणारच. बघू द्या.

म्हणजे आतापर्यंतचं एवढंच: नवी ठिकाणं नंतर, आधी एक धागा. जाताना कृष्णेच्या काठानं चढायचं, येताना वेण्णेच्या काठानं उतरायचं. आता दिवसांचं सांगतो.

पहिल्या दिवशी पहाटे सहाला निघा. जमल्यास रविवार-सोमवार-मंगळवार धरा. शनिवारी सकाळी खंबाटकीत अख्खं पुणं असतं. सुरूर फाट्यावरून आत वाई. वाईत नाश्ता करून थेट मेणवली, तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे. आत कधी, किती दाखवतात ते तिथं विचारूनच ठरवा. मी वाड्यापेक्षा मागचा घाट महत्त्वाचा मानतो. कृष्णेला चंद्रकोरीसारखा मिठीत घेणारा दगडी घाट, आणि काठावरच्या मेणेश्वराजवळ एका छोट्या दगडी घुमटीत टांगलेली भली मोठी घंटा. जवळ जाऊन बघा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ हा आकडा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या, त्यातली ही एक. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरच्या देवळातलीही त्यातलीच. नाशिकला आणि भीमाशंकरला तुम्ही गेला असणार आणि दोन वेगवेगळ्या ‘घंटा’ बघितल्या असणार. ती एकाच मोहिमेची गोष्ट आहे हे मलाही मेणवलीला चौथ्या-पाचव्या फेरीत कळलं, घाटावर धुणं वाळत घालणाऱ्या एका आजींमुळे. मी गटाला वाड्याबद्दल भाषण देत होतो. त्या पिळे झटकत म्हणाल्या, “आधी ती घंटा दाखवा त्यांना, वाडा कुठं पळत नाही.”

सकाळी आठ-साडेआठला तिथं ऊन तिरपं येतं, घाटाच्या पायऱ्या निम्म्या सावलीत असतात. सासूबाईंना वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर बसवा, खाली उतरायची गरज नाही.

परत वाईत या. ढोल्या गणपतीला तुम्ही जाऊन आला असाल, पण दर्शन घेऊन तसेच फिरला असाल. या वेळी देवळाच्या मागच्या बाजूला जा. १७६२ मध्ये सरदार रास्ते यांनी हे देऊळ बांधलं ते नदीच्या पात्रालगत, आणि कृष्णेला पूर येतो. म्हणून मागची भिंत माशाच्या किंवा नावेच्या नाळेसारखी टोकदार केलीय. पुराचं पाणी त्या टोकावर फाटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. आठ वर्षांच्या मुलीला हे हातानं दाखवता येतं: नळाखाली तळहात आडवा धरला तर पाणी आदळतं, उभा धरला तर कापलं जातं. एवढं करून दाखवा, बाकी काही सांगू नका.

वाईत मराठी विश्वकोशाचं काम चालतं हे किती पुणेकरांना ठाऊक असतं, मला शंका आहे. वीस खंडांचा विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा पाया घातला, तो या कृष्णाकाठच्या गावातून उभा राहिला. बघायला म्हणून तिथं फार काही नाही, पण गावातून जाताना सासूबाईंना आवर्जून सांगा.

वेळ असेल तर धोम, वाईपासून आठेक किलोमीटर. धरण तर आहेच, पण देऊळ बघा: महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी असेल तर कासव पोहत नंदीला घेऊन चाललंय असं दिसतं. वीस मिनिटांत होतं.

मग पसरणी घाट. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, एवढं वळणावर म्हणून टाका. पाचगणीत टेबललँडवर घोडे आणि गर्दी. या वेळी तिथं न थांबता पुढे भिलारला वळा. ४ मे २०१७ ला राज्य सरकारनं हे ‘पुस्तकांचं गाव’ केलं. पंचवीस ठिकाणी, म्हणजे कुणाच्या घरात, कुणाच्या ओसरीत, देवळात, शाळेत, विषयवार मराठी पुस्तकं मांडली, सुरुवात सुमारे पंधरा हजार पुस्तकांनी झाली. पैसे नाहीत, रांग नाही. आत जायचं, पुस्तक काढायचं, बसून वाचायचं. दोन तास मोकळे ठेवा. मी एकदा एका निवृत्त बाईंना तिथून उठवायला गेलो तर त्या म्हणाल्या, “तुम्ही पॉइंट बघून या, मी इथंच आहे.” सासूबाईंचं असं होऊ शकतं, तयारी ठेवा. स्ट्रॉबेरी मात्र दिवाळीनंतर लगेच नुकती लागत असते. भरघोस हवी असेल तर डिसेंबर-जानेवारी.

दुसरा दिवस क्षेत्र महाबळेश्वरचा. सकाळी साडेसहा-सातला पोचा. दहा नंतर तिथल्या गल्लीत दुकानं आणि माणसं एवढी होतात की देवळाचा दगड दिसत नाही. महाबळेश्वर आणि पंचगंगा ही दोन्ही देवळं झाली की बहुतेक जण गाडीकडे वळतात. तुम्ही पंचगंगेच्या मागच्या बाजूनं पाच-सात मिनिटं चालत कृष्णाबाईच्या देवळाकडे जा. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, बरंचसं ओकंबोकं. गोमुखातून कुंडात पाणी पडतं, आवाज तेवढाच. समोर कृष्णेचं खोरं उघडं, खूप लांब धोमचं पाणी चमकतं, म्हणजे काल तुम्ही जिथून आलात ते. वाट थोडी ओबडधोबड आहे, सासूबाईंना हात द्यावा लागेल, पण चढ फार नाही. पावसाळ्यानंतर दगड निसरडे असतात, चप्पल नको.

आणि आता तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण त्या दिवशी जुनेच पॉइंट बघा. धागा हातात असला की ते जुने राहत नाहीत. आर्थर सीटवरून पाय लटकतात ती सावित्रीची दरी. तिथलं पाणी अरबी समुद्राकडे. केट्स पॉइंटवरून दिसते ती कृष्णेची. तिथलं पाणी बंगालच्या उपसागराकडे. लॉडविकवरून प्रतापगड आणि कोयनेचं खोरं. वेण्णा लेकमध्ये जिथं बोटिंगला चार वेळा पैसे मोजलेत, ती वेण्णा, आणि लिंगमळ्याचा धबधबा म्हणजे त्याच वेण्णेनं मारलेली उडी. मुलाला कागदावर फक्त एक गोल आणि पाच रेघा काढायला सांगा, प्रत्येक पॉइंटवर एक रेघ. चार तासांत त्याचा नकाशा तयार. आर्थर सीट तेवढी नऊच्या आत करा, नंतर तिथं चणे आणि माकडं यांचंच राज्य.

संध्याकाळी बाजारात जायचं तर जा, त्याला माझी ना नाही. चणे, जॅम, चपला, सगळं घ्या. सुट्टीवर गेलेल्या माणसाला कायम शिकवत राहायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी पाचगणीकडे वळू नका. केळघर घाटानं मेढ्यावर उतरा. हा रस्ता साताऱ्याला जातो, सगळा वेण्णेच्या खोऱ्यातून, आणि पुण्याकडच्या गाड्या त्यावर कमी असतात. कण्हेर धरणाचं पाणी दिसलं की सांगा, हीच ती लेकमधली वेण्णा. साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर संगम माहुली. इथं कृष्णा आणि वेण्णा भेटतात, मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे. एका काठावर विश्वेश्वराचं देऊळ, पलीकडे क्षेत्र माहुलीत रामेश्वराचं. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. साताऱ्याच्या राजघराण्यातल्या समाध्या इथं आहेत, आणि त्यात शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही एक. मुलगी समाध्यांत रमणार नाही, कुत्र्याच्या समाधीपाशी नक्की थांबेल. माझ्या गटातली चाळिशीतली माणसंसुद्धा तिथंच सगळ्यात जास्त थांबतात.

मग हायवेला लागून पुण्याच्या दिशेनं, लिंब फाट्यावरून तीन-चार किलोमीटर आत: बारा मोटांची विहीर (मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामडी पखाल). विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली, आमराईला पाणी मिळावं म्हणून. वरून अष्टकोनी, खाली ११० फूट खोल, आणि विहिरीतच दगडी महाल. नाव बारा मोटांचं, पण मोटा लावायला जागा पंधरा आहेत. मुलांना मोजायला लावा, भांडतील.

इथं जरा थांबतो, कारण ही जागा घाईत बघण्यासारखी नाही. वर जिथून मोट ओढली जायची त्या दगडी कडांवर हात फिरवा. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, वर्षानुवर्षं घासून दगडात खोबणी पडल्यात. बोट आत जातं. मोट वर आली की पाणी थारोळ्यात ओतलं जायचं, तिथून पाटानं आमराईला. बैल उतारावरच्या धावेवरून खाली जायचे आणि उलट पावली मागं यायचे. हे सगळं मी पाठ केलेलं नाही. एकदा गटातले साठीचे एक काका, मूळचे खटाव तालुक्यातले, त्या खोबणीत बोट घालून गप्प उभे राहिले. मग म्हणाले, लहानपणी मी धावेवर बसायचो, नाड्यावर, बैल खाली जाताना. आजोबा ओरडायचे. पुढची पंधरा मिनिटं त्यांनीच आम्हाला विहीर दाखवली, मी गप्प. सासूबाई गावाकडच्या असतील तर त्यांना इथं बोलतं करा. त्यांनी खाली उतरायची गरज नाही, मोटांच्या जागा सगळ्या वरच आहेत. मुलं पायऱ्यांनी उतरतील; मोठ्यांपैकी एकानं पुढं असावं, आत अंधारं असतं, मोबाइलचा टॉर्च लागतो.

तुम्ही पुढच्या वेळी स्वतःच शोधाल म्हणून थोडं, मी कसं शोधतो त्याबद्दल. जुने जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे सरकारनं छापलेले जिल्ह्याच्या माहितीचे ग्रंथ, नेटवर फुकट मिळतात. साताऱ्याचा १८८५ चा आहे, पुण्याचाही त्याच सुमाराचा. इंग्रजी आहेत, पण राज्य सरकारनं मराठीतही काढलेत. त्यात शेवटी ‘ठिकाणं’ म्हणून प्रकरण असतं. महाबळेश्वरला इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते आणि त्यांनी तिथं भाजीपाला पिकवला, बटाटे लावले, हे मला असंच कळलं. चायनामन फॉल हे नाव कुठून आलं ते कळल्यावर तो धबधबा वेगळा दिसायला लागतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशेही बघतो, त्यात देऊळ, विहीर, जुनी वाट अशी चिन्हं असतात.

आणि माणसांना विचारतो. फक्त ‘इथं बघण्यासारखं काय?’ असं कधीच विचारत नाही, कारण त्याचं उत्तर दरपत्रकातलं येतं. ‘गावची जत्रा कुठल्या देवाची?’, ‘आठवडी बाजार कुठल्या वारी?’, ‘नळ यायच्या आधी पाणी कुठून भरायचात?’ असं विचारलं की चहावाला चहा टाकायचा थांबतो.

मुलं यात रमतील का अशी धाकधूक असेल तर आधी पुण्यातच एक रविवार घालवा. सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे, अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ, दाराच्या भिंतीवर दाट कोरीव काम. कुणालाही काही न सांगता मुलांना म्हणा, यात गेंडा आणि बंदूकवाले गोरे सैनिक शोधा. पुण्यातल्या गणपतीच्या देवळावर गेंडा! मुलानं दहा मिनिटांत शोधला आणि ‘इथं गेंडा कसा आला?’ असं विचारलं, तर महाबळेश्वरची काळजी करू नका. नाहीच विचारलं तर तिसऱ्या दिवशीचं माहुली गाळा आणि लिंबची विहीर तेवढी ठेवा.

लिंबला दुपारी चारच्या आत पोचायचं बघा, उशीर झाला तर आतल्या महालात काही दिसत नाही. तिथून पुणं दोन-सव्वादोन तास. परतीचा दिवस रविवार पडला तर खेड शिवापूरच्या टोलनाक्याला आणखी अर्धा-पाऊण तास धरा, आणि सासूबाईंचं संध्याकाळचं औषध वरच्या पिशवीत ठेवा, डिकीत नको.